चौघांसाठी १८० कार्डांचा क्यूब: मॅजिकचा घरचा ड्राफ्ट कसा बांधावा

माझा पहिला क्यूब, म्हणजे ड्राफ्टसाठी स्वतः निवडलेला कार्डांचा संच, ३६० कार्डांचा होता. जिथे तिथे ३६० हाच आकडा दिसत होता, म्हणून मीही तेवढी कार्डं जमवली. लाल आणि काळ्या रंगात स्वतःचेच प्राणी बळी देऊन फायदा उकळायचा बेत मोठ्या हौसेने रचला. शनिवारी संध्याकाळी चौघं जमलो, ड्राफ्ट झाला, आणि बळी मागणारी कार्डं हातात आली तेव्हा लक्षात आलं की बळीचे बकरे सगळे डब्यातच राहिले आहेत. त्या रात्री ३६०पैकी १८०च कार्डं टेबलावर आली होती, आणि कुठली निम्मी येणार हे पिसण्यावर सोडलेलं होतं.

३६० हा आकडा आठ जणांचा आहे. प्रत्येकी १५ कार्डांचे तीन पॅक म्हणजे ४५ कार्डं, गुणिले आठ. आमच्या घरी आठ जण फक्त गणपतीत जमतात, आणि तेव्हा ते मोदकांसाठी येतात. म्हणून दुसऱ्या खेपेला मी चौघांचा क्यूब बांधला, नेमका १८० कार्डांचा, ज्यातलं प्रत्येक कार्ड प्रत्येक वेळी टेबलावर येतंच. तो कसा बांधायचा ते इथे सांगतो.

मॅजिक: द गॅदरिंग हा रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला आणि १९९३ साली बाजारात आलेला खेळ तुम्हाला खेळता येतो असं धरून चाललो आहे. ड्राफ्टमध्ये प्रत्येक जण एक पॅक उघडतो, एक कार्ड ठेवतो, उरलेली शेजाऱ्याला देतो, आणि शेवटी जमलेल्या कार्डांतून ४० कार्डांचा डेक करतो. दुकानातल्या ड्राफ्टला दर वेळी नवे पॅक फोडावे लागतात. क्यूब म्हणजे आपणच निवडलेल्या कार्डांचा संच. तो पिसायचा, पॅक करायचे, खेळायचं आणि परत डब्यात भरायचा. खर्च एकदाच. (असं मीही बायकोला सांगितलं होतं.)

आधी हिशेब

१८० कार्डं चौघांत वाटली की प्रत्येकाला ४५ येतात. ती १५-१५च्या तीन पॅकमध्ये वाटू नका. चौघांत १५ कार्डांचा पॅक फिरला तर तो एकाच माणसाच्या हातात तीन-चार वेळा येतो, आणि मग आत्ता हे घेऊ, ते फिरून येईलच, असा निवांतपणा येतो. त्याऐवजी ९ कार्डांचे पाच पॅक करा. एकूण तितकीच ४५ कार्डं, पण कोरा पॅक उघडून पहिली निवड करायचा क्षण तीनऐवजी पाच वेळा मिळतो, आणि फिरून येणाऱ्या कार्डांवर कोणी विसंबून राहत नाही.

या मांडणीत एका फेरीत तुम्हाला चार पॅक दिसतात: ९, ८, ७ आणि ६ कार्डांचे. म्हणजे फेरीला ३० वेगळी कार्डं, पाच फेऱ्यांत १५०. संपूर्ण क्यूबपैकी फक्त ३० कार्डं तुम्ही बघण्याआधीच कोणीतरी उचललेली असतात. त्यामुळे तुम्ही पेरलेली प्रत्येक कल्पना खेळणाऱ्याच्या नजरेला पडतेच. ती घ्यायची की नाही, हे त्याने ठरवावं.

यातून एक सोपं गणित निघतं. एखाद्या प्रकारची किती कार्डं क्यूबमध्ये आहेत त्याला २०ने भागा. एका पॅकमध्ये सरासरी तितकी दिसतील. २० रिमूव्हल, म्हणजे समोरच्याचे प्राणी हटवणारी किंवा रोखणारी कार्डं, असली तर पॅकमागे एक. १० कार्डं म्हणजे दोन पॅकमागे एक. एखादी गोष्ट पुरेशी आहे का, हा वाद या भागाकाराने मिटतो.

१८०ची माझी वाटणी अशी:

पाच रंगांची प्रत्येकी २६, म्हणजे १३०
दहा रंगजोड्यांची प्रत्येकी २, म्हणजे २०
बिनरंगी, बहुतेक आर्टिफॅक्ट, १२
रंग जुळवून देणाऱ्या लँड १८

२६ कुठून आले? चौघं प्रत्येकी दोन रंग खेळतात, म्हणजे आठ वाटे पाच रंगांवर पडतात. एका रंगावर सरासरी १.६ माणसं. २६ भागिले १.६ म्हणजे साधारण १६ कार्डं, आणि दोन रंगांची मिळून ३२. डेकला लागतात २३. वरची नऊ-दहा हीच नाही म्हणायची मोकळीक. ती कमी केली तर खेळणारा मिळेल ते डेकमध्ये कोंबतो. फार वाढवली तर डोळे मिटून निवडलं तरी डेक बनतो, आणि मग ड्राफ्ट करायचा कशाला?

एका रंगाची २६

नवखा माणूस इथे चुकतो, आणि मीही चुकलो. आवडती कार्डं काढून बसलं की आपल्याला ड्रॅगन आठवतात, सात मॅनाचे (मॅना म्हणजे कार्ड खेळायची किंमत, जी लँड पुरवतात) राक्षस आठवतात. दोन मॅनाचा साधा २/२ (पहिला आकडा माराचा, दुसरा तग धरायचा) कोणाला आठवत नाही. पण ४० कार्डांत १७ लँड असल्या तर पहिल्या सात कार्डांत सरासरी तीनच लँड येतात. तिसऱ्या टर्नपर्यंत काही खाली ठेवता आलं नाही तर तो ड्रॅगन हातात धरूनच हरायचं.

प्रत्येक रंगात एक मॅनाची ४, दोनची ८, तीनची ६, चारची ४, पाचची ३ आणि त्यावरचं एकच, अशी सुरुवात करा. सहा किंवा जास्त मॅनाच्या त्या एका जागेसाठी पाच लाडकी कार्डं भांडतील. भांडू द्या. पांढऱ्या, लाल, हिरव्या रंगात २६पैकी १५-१६ क्रीचर, म्हणजे प्राणी, असाव्यात. काळ्यात १४ चालतात, निळ्यात १२-१३.

क्रीचरच्या आकाराकडे बघा. दोन मॅनाचे सगळे २/१ घेतले तर आधी हल्ला करणारा जिंकतो. सगळे १/३ आणि २/४ घेतले तर दोन्हीकडे भिंती उभ्या राहतात आणि डाव रात्री साडेअकरापर्यंत रेंगाळतो. मी लाल आणि पांढऱ्याला टोचणारे, निळ्या-हिरव्याला अडवणारे ठेवतो, आणि काळ्यात दोन्ही थोडे. शिवाय ही भिंत फोडायला प्रत्येक रंगात काहीतरी हवंच. निळ्या-पांढऱ्याला उडणारे, हिरव्याला ट्रॅम्पल (अडवणाऱ्याला पुरून उरलेला मार पुढे जाणं), लालला ब्लॉक करू न देणारी कार्डं.

रिमूव्हल एकूण २०च्या आसपास. लालमध्ये लायटनिंग बोल्ट आणि फायरबोल्ट, काळ्यात डूम ब्लेड, पांढऱ्यात जर्नी टू नोव्हेअर, निळ्यात काउंटरस्पेल, हिरव्यात दोन प्राण्यांची झुंज लावणारी. तीसच्या वर गेलात तर कोणाचाच प्राणी टेबलावर टिकत नाही, आणि जो बेत रचायला तुम्ही महिना घालवला तो उभाच राहत नाही.

बेत: पाच पुरे

रंग पाच, म्हणजे रंगजोड्या दहा. बहुतेक जण दहा जोड्यांना दहा वेगळे बेत देतात. ३६०मध्ये ते कसंबसं जमतं. १८०मध्ये प्रत्येक बेताच्या वाट्याला चिमूटभर कार्डं येतात आणि चौघांचेही डेक अर्धे कच्चे राहतात.

मी पाचच बेत ठेवले, पण प्रत्येक बेत तीन रंगांत पसरवला:

बळी: पांढरा, काळा, लाल
टोकन, म्हणजे दुसऱ्या कार्डामुळे टेबलावर येणारे छोटे प्राणी: पांढरा, लाल, हिरवा
ब्लिंक, म्हणजे प्राणी क्षणभर खेळाबाहेर नेऊन परत आणणं: पांढरा, निळा, हिरवा
इन्स्टंट आणि सॉर्सरींचा मारा: निळा, काळा, लाल
ग्रेव्हयार्ड, म्हणजे वापरलेल्या आणि मेलेल्या कार्डांचा ढीग: निळा, काळा, हिरवा

कागदावर मांडून पाहा. प्रत्येक रंगात बरोबर तीन बेत येतात, आणि दहाही जोड्यांना निदान एक बेत मिळतो. हे जमल्याचं लक्षात आलं तेव्हा मला शाळेत प्रमेय सुटल्यासारखा आनंद झाला होता. तुमचे बेत वेगळे असू शकतात. तुम्हाला गॉब्लिन आवडत असतील तर गॉब्लिन घ्या, पण ही तीन रंगांची वीण सोडू नका.

कारण खरं काम सांध्याची कार्डं करतात, एकाच वेळी दोन-तीन बेतांत बसणारी. मॉग वॉर मार्शल बघा. दोन मॅना, १/१ गॉब्लिन. येताना एक टोकन देतो, मरताना आणखी एक. टोकनवाल्याला तो हवा, बळीवाल्याला हवा, आणि लाल-पांढऱ्यात ब्लिंक करणाऱ्यालाही. यंग पायरोमॅन्सर प्रत्येक इन्स्टंट-सॉर्सरीमागे एक छोटा एलिमेंटल देतो, म्हणजे माऱ्यातून टोकन आणि टोकनमधून बळी. व्हिलेज राइट्स एका प्राण्याचा बळी घेऊन दोन कार्डं देतं, आणि ते इन्स्टंट असल्यामुळे माऱ्याच्या डेकमध्येही चालतं. फायरबोल्ट एकदा मारतं आणि पुढे ग्रेव्हयार्डमधून पुन्हा मारतं. इटर्नल विटनेस ग्रेव्हयार्डातलं कार्ड परत हातात आणते. तिला ब्लिंक केलं की आणखी एक. अशी कार्डं आली की टेबलावर मजा सुरू होते, कारण तुमच्या डाव्या हाताच्या माणसालाही तेच कार्ड हवं असतं, वेगळ्या कारणासाठी.

उलट टोकाची कार्डं टाळा, म्हणजे जी फक्त आपल्या भावंडांबरोबरच चालतात. २००४च्या कामिगावा संचात स्प्लाइस ऑन्टू आर्केन असा प्रकार होता. तो आर्केन जातीच्या स्पेलवरच जोडता येतो, आणि आर्केन स्पेल त्या संचांच्या बाहेर जवळजवळ नाहीत. असा बेत आणायचा तर १५-२० जागा त्यालाच द्याव्या लागतात, आणि तो एकाच माणसाच्या कामाचा. बाकी तिघांसाठी ती १५-२० कार्डं रद्दी.

आता प्रमाण. बेताचं फळ देणारी कार्डं थोडी, त्याला खतपाणी घालणारी भरपूर. बळीच्या बेतात ब्लड आर्टिस्ट, व्हिसेरा सीअर, गॉब्लिन बॉम्बार्डमेंट अशी पाच-सहा फळं पुरेत. बळी जाणारे मात्र १५ तरी हवेत: डूम्ड ट्रॅव्हलर, रेज द अलार्म, क्रेंकोज कमांड. खतपाण्याची कार्डं एरवीही डेकमध्ये घ्यावीशी वाटतील अशीच निवडा. एल्विश व्हिजनरी ब्लिंक नसतानाही एक कार्ड देतेच. मलड्रिफ्टर कोणत्याही निळ्या डेकला चालतो.

दोन रंगांची गोल्ड कार्डं मी जोडीला दोनच ठेवतो. ती दिसायला देखणी, पण चौघांपैकी फार तर एकाच्या कामाची. त्यांचा खरा उपयोग पाटीसारखा: पहिल्या पॅकमध्ये दिसलं की कळावं, हो, या दोन रंगांत इथे असं काहीतरी करता येतं.

एकच कार्ड सगळ्यांना गिळतं

क्यूबची ताकद उंच असावी की बेताची, याला उत्तर नाही. पण ती सपाट असावी. माझ्या बिनरंगी १२मध्ये सोल रिंग होती. एक मॅना देऊन दर टर्नला दोन मॅना देणारी. ज्याला ती पहिल्या हातात आली त्याने डाव घेतला, आणि बाकीच्यांनी पुढची वीस मिनिटं सौजन्य म्हणून खेळून दिली. दोन ड्राफ्टनंतर मी ती काढली. मित्रांनी आरडाओरडा केला, आणि महिन्याभरात ती होती हेही विसरले.

म्हणून मी कॉमन आणि अनकॉमन एवढ्यावरच थांबलो. ही कार्डं बहुधा स्वस्त पडतात, वाचायला आखूड असतात, आणि सोल रिंगसारखे अपवाद सोडले तर त्यांच्यात फार मोठी दरी नसते.

लँडचं कंटाळवाणं काम

लँड निवडताना कोणाला मजा येत नाही, म्हणून मी लवकर आटोपतो. १८ जागा: दहा जोड्यांच्या, येताना टॅप होऊन एक लाइफ देणाऱ्या दहा लँड, २०२०च्या जम्पस्टार्टमधल्या पाच थ्रायव्हिंग लँड, ज्यांचा दुसरा रंग आपण खेळताना निवडतो, आणि हवी ती बेसिक लँड शोधून आणणाऱ्या तीन इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स. हो, एकच कार्ड तीनदा. क्यूबमध्ये प्रत्येक कार्ड एकदाच असावं हा संकेत आहे, कायदा नव्हे. लँडसाठी तो खुशाल मोडा.

बेसिक लँड वेगळ्या डब्यात, प्रत्येक रंगाच्या २०, एकूण १००. तिघं एकाच रंगात गेले तर कमी पडतील, पण तसं झालं तर लँडपेक्षा त्या तिघांचं काय चुकलं हे आधी विचारायला हवं.

कार्डं जमवणं, छापणं, वाचवणं

यादी आधी, खरेदी मागून. कार्ड शोधायला स्क्रायफॉल आणि यादी ठेवायला क्यूब कोब्रा, दोन्ही फुकट. क्यूब कोब्रावर बॉटसोबत ड्राफ्टही करून पाहता येतो. बॉटची अक्कल बेताचीच, पण अमुक रंगात दोन मॅनाचं काहीच दिसत नाही हे तिथेच कळतं.

मग घरातला साठा उपसा. जुन्या ड्राफ्टमधून उरलेल्या, रबरबँड लावून ठेवलेल्या कॉमन कार्डांत अर्धा क्यूब निघतो. मित्रांचेही रबरबँड सोडवा.

जे मिळत नाही किंवा महाग आहे ते साध्या कागदावर छापा. कार्डाचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर, त्यामुळे एका ए-४ कागदावर नऊ बसतात. म्हणजे सबंध क्यूबसुद्धा २० कागदांत होतो. झेरॉक्सवाल्याला छपाई शंभर टक्के आकारातच करायला सांगा. पानात बसवण्यासाठी थोडं लहान करून देणं हा त्यांचा प्रेमळ स्वभाव आहे. कापलेला कागद स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात, जुन्या बेसिक लँडच्या पुढ्यात सरकवायचा. अशी कार्डं घरच्या खेळापुरतीच. अधिकृत स्पर्धेत ती चालत नाहीत, आणि विकायची तर मुळीच नाहीत. माझा सल्ला, पहिले दोन-तीन ड्राफ्ट सगळे कागदावरच खेळा. जे टिकेल तेच विकत घ्या.

१८० अधिक १०० म्हणजे २८० स्लीव्ह लागतात. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या ३०० एकदम घ्या, आणि आणखी एक पाकीट बाजूला ठेवा. सहा महिन्यांनी घेतलेल्या त्याच रंगाची छटा किंचित निराळी निघू शकते, आणि मग पाठीवरून कार्ड ओळखू येतं.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर फॉइल, म्हणजे चकचकीत, कार्डं क्यूबमध्ये घालू नका. पावसाळ्यातल्या दमट हवेत ती पापडासारखी वाकतात, आणि गड्डीत कुठे आहेत ते लांबूनही दिसतं. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्याच.

पहिला ड्राफ्ट

आधी नीट पिसा. यादीवरून रंगवार लावलेली १८० कार्डं एकदम पिसली जात नाहीत. ४५-४५चे चार गठ्ठे करा, प्रत्येक पिसा, गठ्ठे अर्धे-अर्धे एकमेकांत मिसळा, पुन्हा पिसा, असं तीन-चार वेळा. मग नऊ-नऊचे २० पॅक. प्रत्येकाला पाच. पहिला पॅक डावीकडे फिरवायचा, दुसरा उजवीकडे, पुढे आलटून पालटून.

डेक झाले की प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, म्हणजे तीन फेऱ्या, तीनपैकी दोन डावांच्या. जेवणाची वेळ दुसऱ्या फेरीनंतर ठेवा. बिर्याणीच्या हाताने स्लीव्हला हात लावू देऊ नका, घरचा यजमान असला तरी.

खेळ संपल्यावर कसा वाटला असं विचारू नका. सगळे छान म्हणतात. त्याऐवजी प्रत्येकाला डेकमध्ये न घेतलेली कार्डं वेगळी ठेवायला सांगा आणि त्यातल्या ज्या कार्डांचे रंग त्याच्याच डेकचे होते, ती वहीत लिहा. रंग जुळूनही कार्ड बाहेर राहिलं म्हणजे त्याचं काहीतरी चुकतंय. दुसरी नोंद, पॅकमधून अगदी शेवटी कोणती कार्डं हातात आली. एखादं कार्ड सलग तीन ड्राफ्ट या दोन्ही याद्यांत आलं की ते काढायचं, मग ते तुमचं कितीही लाडकं असो.

बदल एका वेळी पाच ते आठ कार्डांचेच, आणि जागेला जागा: दोन मॅनाची पांढरी क्रीचर गेली तर तिथे दोन मॅनाची पांढरी क्रीचरच येईल. एकदम ४० कार्डं बदलली की काय बदलल्याने काय सुधारलं हे कळत नाही. आणि एखादा बेत एका रात्री फसला म्हणून उपटून टाकू नका. कदाचित त्या रात्री तो कोणी नीट खेळलाच नसेल.

चौघं नसतील तेव्हा

तिघं असाल तर तेच पाच पॅक, १३५ कार्डं. पाच जण आले तर प्रत्येकी चारच पॅक, म्हणजे ३६ कार्डं. डेक होतो, फक्त मोकळीक कमी. सहा जणांना ३०च येतात, त्यात जीव गुदमरतो. सहावा भिडू कायमचा झाला तर मूळ क्यूबला हात न लावता ९० कार्डांचा वेगळा डबा करा, तीच रंगांची वाटणी निम्म्याने, आणि त्या दिवशीच मिसळा. परत वेगळं करणं सोपं जावं म्हणून स्लीव्हच्या आत कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात छोटी खूण असलेली चिठ्ठी ठेवता येते.

दोघंच असाल तर ग्रिड ड्राफ्ट. नऊ कार्डं तीन बाय तीन अशी उघडी मांडायची. पहिल्याने एक आडवी किंवा उभी ओळ उचलायची, मग दुसऱ्याने उरलेल्यातली एक ओळ, तीन कार्डांची किंवा दोनची. बाकीची बाजूला. पुढच्या मांडणीत पहिली उचल दुसऱ्याची. अशा १८ मांडण्या, १६२ कार्डं, आणि १८ कार्डं न उघडता राहतात. समोरच्याला काय हवंय ते उघड दिसत असतं, त्यामुळे स्वतःचा फायदा सोडून त्याची ओळ मोडायचा मोह होतो. माझा भाऊ दर वेळी तेच करतो आणि बहुतेक वेळा हरतो.